ठराव मंजूर

राज्यशास्त्राच्या वर्गात राष्ट्रांची लुटुपुटूची परिषद भरली होती. कुणी कोणत्या देशाची बाजू मांडायची हे चिठ्ठीने ठरलं, आणि एका मुलीला नेमका तोच देश आला, ज्याने सीमा बंद केल्यामुळे तिची आई पलीकडे अडकली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सीमा उघडण्याच्या ठरावावर समसमान मतं पडली, उरलं तिचं. देशाची बाजू सोडली तर गुण जाणार होते, तरी तिने ठरावासाठी हात वर केला. टाळ्या वाजल्या. ठरावाचा कागद घेऊन ती सरांकडे धावली. “सर, हा आता कुठे पाठवायचा?” “कुठेच नाही,” सर हसले. “अगं, सराव होता हा.” “माझी आई पलीकडे आहे, सर. तिची औषधं संपलीत. दूतावासात दारातूनच हाकलतात. खरा ठराव कसा करतात, तेवढं सांगा.” वर्षानुवर्षं तेच शिकवणारे सर तिच्या हातातला कागद घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. ती उत्तर लिहून घ्यायला पेन उघडून थांबली.