एक मिनिटही वाया नाही

माहेरी सगळे तिच्या नवऱ्याला पाठीमागे 'वेळापत्रकराव' म्हणत. स्कूबा डायव्हिंगच्या सहलीचा बेतही अर्थातच त्यांनीच आखला. रोज सकाळी छोट्या विमानाने नवं बेट गाठायचं, दुपारी समुद्रात बुडी मारायची. एक मिनिटही वाया जाणार नव्हतं!

"अहो, बुडी मारल्यावर पुरता एक दिवस विमानात बसायचं नसतं म्हणे. जिवावर बेततं," ती म्हणाली.

"तू बॅगा भर. विमानांचं मी बघतो."

पहिल्याच बेटावर प्रशिक्षकाने तो बेत ऐकून कपाळाला हात लावला. "उद्या उडणाऱ्याला मी आज पाण्यात उतरवत नाही."

"मग मी नाही उडत. इथेच राहते. परत जाताना मला घेऊन जा," ती म्हणाली. वेळापत्रकराव मात्र तिकिटं फुकट जातील म्हणून एकटेच पुढे उडाले. पुढच्या प्रत्येक बेटावर त्यांना तेच उत्तर मिळालं.

घरी परतल्यावर तिच्या भावाने विचारलं, "काय भावोजी, कसा होता समुद्र?"

"विमानाच्या खिडकीतून काय सुंदर दिसतो म्हणून सांगू!"



"असेल हो," ती म्हणाली. "मी आपला आतूनच पाहिला."