केबिनमधली जागा

धारूरचा घाट लागला आणि पोरगं रडायला लागलं.

साखराबाईनं नातवाला मांडीवर घेतलं, पालथं घातलं, खांद्यावर टाकून थोपटलं. चार महिन्यांचा जीव, पण आवाज असा की ट्रकचं इंजिन त्याच्यापुढं मवाळ वाटावं. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या अरुंद बाकावर ती अंग चोरून बसली होती. त्या बाकावर साहेबांची बॅग होती, मुकादमाची वळकटी होती आणि उरलेल्या जागेत ती. पुढं ड्रायव्हर, मधे मुकादम बद्रीनाथ आणि खिडकीशी सहकारी साखर कारखान्याचे शेतकी साहेब. यंदा पावसानं तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. निम्मं गाव ऊसतोडीला निघालं होतं, आणि दुसऱ्या कारखान्यानं टोळी पळवू नये म्हणून साहेब जातीनं न्यायला आले होते. टोळी मागं हौद्यात, भांडीकुंडी आणि शेळ्यांच्या दाटीत उभी होती. पोराची आईही तिथंच.

"मुकादम," साहेब म्हणाले, "केबिन म्हणजे काय अंगणवाडी आहे का? एवढ्या लहान पोरांना इथं घेताच कशाला?"

"छातीत घरघर हाय जी त्याच्या," बद्रीनाथ ओशाळून म्हणाला. "मागं धुरळा लई. म्हणून म्हातारीसंगं बसवलं."

"मग गप तरी करा त्याला. केजपर्यंत हे असंच चाललं, तर तिथं उतरवून मागे पाठवायचं. आधीच सांगून ठेवतो."

साखराबाईनं पोराला आणखी जवळ ओढलं. सकाळी नुसत्या अंगणातल्या धुळीनं पोराला अशी ढास लागली होती की त्यानं डोळे पांढरे केले होते. हौद्यात त्याचं काय होईल?

आणि त्याला झालं होतं काय, तर भूक लागली होती. बस्स. दूध मागं उभं होतं, हातभर अंतरावर, आणि ते मागं ठेवलं होतं साखराबाईनंच. निघताना मुकादम चांगलं सांगत होता, "आशामतीलाच बसू द्या की केबिनात, काकू. लेकरू अंगावर पितंय." तर हिनं चारचौघांत सुनावलं, "तरणीताठी सून गड्यांमधी बसंल व्हय? आमच्या घरात चालत न्हाई तसलं. मीच घेते त्याला. शहाणं हाय माझं पोरगं, बापावर गेलंय. आईचं काईच न्हाई त्याच्यात." सून खाली मान घालून हौद्यात चढली होती. तेव्हा साखराबाईला केवढं बरं वाटलं होतं! आता तेच बोलणं तिला गिळवत नव्हतं.

"दादा, गाडी जरा थांबवता का? आईकडं देऊन पाजून आणते."

"घाटात?" ड्रायव्हर म्हणाला. "भरली गाडी हाय, आजी. हितं थांबली तर मागंच जाईल."

पोरगं रडून रडून लालबुंद झालं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात साखराबाईच्या डोक्यामागं टकटक झाली. केबिनच्या मागच्या बाजूला टीचभर खिडकी होती, गज लावलेली. धूळ येते म्हणून साहेबांनी निघतानाच तिची काच लावायला लावली होती. काचेपलीकडं आशामती होती. तोंड धुळीनं पांढरं झालेलं.

साखराबाईनं पुढच्या तिघांच्या पाठींकडं पाहिलं. मग हळूच काच थोडी सरकवली.

"कावून ग?"

"आत्याबाई, त्याला वर धरा. खिडकीशी."

"गजातून जाईल का त्ये?"

"धरा तर तुमी."

साखराबाईनं पोराला उचलून खिडकीशी धरलं. दोन गजांमधून आशामतीचा हात आत आला. बांगड्या गजाला अडकल्या, तिनं हात तसाच रेटला. करंगळी पोराच्या ओठांशी आली. बोट ओलं होतं. दुधाचा वास आला.

पोरगं त्या बोटाला लुचायला लागलं. जरा वेळानं हात मागं गेला, पोरगं कळवळलं, आणि हात पुन्हा ओला होऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिकडं एवढ्या माणसांत, हेलकावणाऱ्या गाडीत, सून पदराआड काय करत होती ते साखराबाईला बघावं लागलं नाही. एका वळणाला गाडीनं हिसका दिला आणि एक बांगडी फुटली. मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. बोट मात्र पोराच्या तोंडातच राहिलं.

साखराबाईला स्वतःची लाज वाटली. त्या बाकावर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

हळूहळू पोराचे डोळे मिटले.

"गप झालं वाटतं?" म्हणत साहेब मागं वळू लागले.

साखराबाईनं झटकन पदर ओढला. पोरगं, खिडकी, सुनेचा हात, सगळं त्याखाली झाकून टाकलं.

"बघा मुकादम," साहेब खूश होऊन म्हणाले, "असं बसणार असेल तर राहू दे केबिनमध्ये. माझं काही म्हणणं नाही." मग साखराबाईकडं बघून जरा हसले. "शहाणं आहे हो आजी, तुमचं पोर."

पदराखाली सुनेचं मनगट गार पडलं होतं. साखराबाईनं ते मुठीत घट्ट धरलं.

"व्हय जी," ती म्हणाली, मागं हौद्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आईवर गेलंय."