इश्वरचं पान

पितरांची पानं मांडताना सुखरामनं एक पान जास्त घेतलं, तसा मारोतरावांनी खाटेवरूनच हात वर केला.

"इश्वरचं नोको."

"बाबा, एवढी वर्षं झाली. त्याच्या जिवाले शांती कधी भेटन?"

"नोको म्हटलं ना."

दरवर्षी हेच. आजोबांचं पान, आजीचं, आईचं, साप चावून गेलेल्या थोरल्या भावाचं, केशवरावाचंही पान. पण वाघानं नेलेल्या धाकट्या इश्वरचं नाही. बरं, पोराला मेलेला मानत नाही म्हणावं, तर त्याच दिवशी म्हातारा बैलगाडीत तांदळाचं पोतं टाकून साकोलीकडच्या मिशन दवाखान्यात नेऊन देई. हे पुण्य कोणाच्या नावानं, ते तोच जाणे. या दोन गोष्टींचा मेळ सुखरामच्या डोक्यात कधी बसला नाही.

यंदा मारोतरावांना खाटेवरून उठवत नव्हतं. "पोतं तू नेऊन दे," ते म्हणाले.

सुखरामला जायचं नव्हतं. पण बापाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती; मनात चोर असला की ती राहत नाही. वाघबिघ काही नव्हता. इश्वर बापाचा फार लाडका. त्याच्यासाठी बापानं भंडाऱ्याहून लाल बंडी शिवून आणली, तळ्याखालच्या शेतातली धानाची बांधीही त्यालाच देणार म्हणाला, आणि दोघा थोरल्यांचा जळफळाट झाला. मोहफुलं वेचायला म्हणून त्यांनी त्या पोराला रानात नेलं आणि नाकाडोंगरीकडे खाणीवर मजूर नेणाऱ्या ट्रकात चढवून दिलं. अंगातली बंडी तेवढी काढून घेतली, बकऱ्याच्या रक्तात भिजवली आणि बापापुढे ठेवली. बापानं ती उलटसुलट करून पाहिली. बोलला काहीच नाही.

केशवरावानं मरताना एवढंच म्हटलं होतं, "बाबाले सांगू नोको." आता बापही चालला होता. सांगावं, तर या वयात त्याचं काळीज फाटेल. न सांगावं, तर तो ते खोटं उराशी धरूनच जाईल.

गाडी दवाखान्याशी आली. चांद्या बैल न वळवताच फाटकात वळला. चांद्या मारका; घरच्यांशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. पण दवाखान्याचा कंपाउंडर पुढे आला, तसा त्याचा हात चाटायला लागला. दरसालची ओळख, सुखराम मनात म्हणाला.

कंपाउंडरला सगळे भय्याजी म्हणत. दाढी छातीपर्यंत, उरलेल्या तोंडावर देवीचे व्रण. त्यानं एकट्यानं पोतं उतरवलं.

"बाबा नाही आले?"

"खाटेवर आहेत. जेवण जात नाही."

भय्याजीचा चेहरा उतरला. तो पोत्याकडे पाहत उभा राहिला. म्हाताऱ्यावर याचा भारीच जीव दिसतो, असं सुखरामला वाटलं.

पलीकडे आंब्याखाली बाबूलाल मास्तर रोग्यांना चित्रं दाखवून पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगत होते. योसेफ नावाचा पोरगा. बापाचा लाडका. बापानं त्याला रंगीत अंगरखा दिला म्हणून भाऊ जळले. मास्तरांनी पुढचं चित्र काढलं. त्यात भाऊ तो अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवत होते.

हे यांना कोणी सांगितलं? सगळे रोगी आपल्याकडेच पाहताहेत असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात कोणी पाहत नव्हतं.

"भावायनं त्याले विकलं," मास्तर सांगत होते, "पण देवानं त्याची साथ नाही सोडली. दुष्काळ पडला तवा त्यानंच त्या भावायले धान्य देलं. गळ्यात पडून रडला."

सुखराम मध्येच म्हणाला, "मास्तर, हे कोणत्या गावचं आहे?"

"मिसर देशाचं. लई जुनं."

"मंग बापाले कोणी सांगतलं का, रगत बकऱ्याचं होतं म्हणून?"

मास्तर गोंधळले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता. "शास्त्रात ते साफ लिहिलं नाही, भाऊ."

"सांगाले पाहिजे होतं," सुखराम म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

मागे भय्याजी पाण्याचा लोटा घेऊन उभा होता. त्याच्या हातातून अर्धं पाणी सांडलं. म्हाताऱ्याच्या आठवणीनं रडतोय असं वाटलं असेल त्याला, सुखराम डोळे पुसत मनात म्हणाला.

"बाबाले सुई द्यायले कोणी येईन का?" त्यानं विचारलं. "तुमी आमच्याकडे कधी आलेच नाही."

"घरून कोणी बलावलं नाही, भाऊ."

"मी बलावतो. आज या."

भय्याजीनं लोटा खाली ठेवला. "तुमी बलावता? मंग येतो. सायकलनं तुमच्या मागेच निघतो."

घरी पोचल्यावर सुखरामनं बैलही सोडले नाहीत. सरळ खाटेशी जाऊन बापाचे पाय धरले, सुई द्यायला भय्याजी मागून येतोय म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. ट्रक, बकरा, बंडी, केशवरावाचं मरतानाचं बोलणं.

मारोतराव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बंडीले एक भोक नव्हतं, सुखराम. वाघ काय गुंड्या सोडून खाते?"

"तुमाले मालूम होतं? मंग बोलले काहून नाही?"

"तुमच्या तोंडून ऐकाचं होतं. केशव तसाच गेला. तू तरी बोलला."

एवढ्यात अंगणात सायकल थांबली. कोणालाही शिंगं दाखवणारा चांद्या, गाडीला जुंपलेलाच, हंबरला. मारोतरावांनी सुनेला हाक मारली.

"देवका, एक पान जास्त मांड. पितरायच्या ओळीत नोको, आपल्या ओळीत."

मग ते कोपरावर रेटून खाटेवर उठून बसले आणि सुखरामला म्हणाले, "जा, सुईवाल्याले आत आण, अन् तुझ्या बाजूले बसव. धाकटा भाऊ थोरल्याच्या बाजूलेच जेवते."