जयराजची फुफ्फुसं

अकरा जणांत एकट्या जयराजचाच आकडा चार वर्षांत खाली आला नव्हता.

डॉक्टर दीक्षाने चारही वर्षांचे कागद पुन्हा शेजारी शेजारी ठेवले. खंडाळ्याजवळच्या त्या कारखान्यात बॅटरीत घालायची काळी भुकटी बनायची. कार्बनच्या नळ्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. ती भुकटी पोत्यांत भरणाऱ्या अकरा जणांना वर्षातून एकदा दीक्षापुढे बसून यंत्राच्या नळीत फुंकावं लागे. दहा जणांचा दम दर वर्षी थोडा थोडा कमी भरत होता. भुकटीमुळेच, असं ती अजून छातीठोकपणे लिहू शकत नव्हती. आणि आकडा फार घसरला की ठेकेदार त्या माणसाला घरी बसवायचा. त्यावरून ती दोनदा भांडली होती.

“एकाला काही होत नाही, म्हणजे बाकीचे काळजी घेत नाहीत,” मॅनेजर म्हणाला होता. “अहवालात तसंच लिहा ना, मॅडम.”

तिला ते पटलं नाही. पण जयराज काहीतरी वेगळं करत असणार. ते सापडलं, तर बाकीच्यांना शिकवता येईल.

सुट्टीच्या दिवशी ती इस्लामपूरच्या पुढे त्याच्या गावी गेली. तो विहिरीतून पोहून वर येत होता. तिला बघून पायरीवरच थबकला.

“म्याडम? तुमी हितं?”

“तुमच्याकडंच आले, जयराज.”

घरी जयराजच्या बायकोनं, संयोगितानं, सोप्यात खुर्ची टाकली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून बसली.

“विडी, तंबाखू?”

“न्हाई.”

“रोज पोहता?”

“बारकं हुतो तवापास्नं.”

दीक्षा सगळं लिहून घेत होती. मग पेन ठेवून म्हणाली, “काय वेगळं करता, सांगा. दहा जणांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

त्यानं संयोगिताकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

“त्यास्नी लय झालंय का वो?”

“दोघांच्या फुफ्फुसांवर व्रण दिसतात. ते भरून येत नाहीत.”

“औषध?”

“लवकर कळलं, तर माणसाला भुकटीच्या खोलीतून बाहेर काढायचं. माझ्याकडं तेवढंच औषध आहे.”

संयोगितानं पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं.

दीक्षाने पिशवीतून कारखान्यातला मास्क काढला. “हा कसा लावता, दाखवा बरं.”

त्यानं मास्क हातात फिरवून फिरवून पाहिला आणि लावला. नाकावर दाबायची पट्टी हनुवटीखाली गेली.

“चार वर्षं असाच लावताय?” दीक्षाला खरं वाटेना. “मग तुम्हाला काहीच कसं झालं नाही?”

संयोगिता उठली आणि दारासमोरून बाजूला झाली.

“सांगा भावजी,” ती म्हणाली. “आता सांगूनच टाका.”

त्यानं मास्क उतरवून मांडीवर ठेवला.

“मी यशराज, म्याडम. भुकटीच्या खोलीत दादा जातोय. फुंकायला तेवढा मी येतोय.”