फळ्यावरचा आकडा

विमानतळाच्या मालगोदामातल्या फळ्यावर हमालमामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘विनाअपघात दिवस नव्याण्णव.’ तेवढ्यात मामांच्याच हातून बॅटऱ्यांचा खोका निसटला, कोपरा चेपला. आपटलेली बॅटरी आतल्या आत तापून पेटते. पडलेला खोका विमानात चढवायचा नाही, हे नव्या हमालांना तेच शिकवायचे. ते खोका बाजूला ठेवू लागले तसा मुकादम खेकसला, “मामा, उद्या शंभर भरतात, साहेब सत्काराला येतायत. आता शून्य लिहिणार?” मामांनी चेपलेली बाजू आत वळवून खोका रचला. वैमानिकाने जाताजाता विचारलं, “मामा, माल ठीक ना?” “एकदम!” विमान समुद्रावर पेटलं, कोणी वाचलं नाही. सकाळी मामा फळा पुसायला ओलं फडकं घेऊन गेले. मुकादमाने फडकं हिसकावून खडू दिला. “पेटलं ते आभाळात. गोदामात काय झालं?” मामांनी वळणदार शंभर लिहिलं.