ओकबुन आजींचा झाडू

घरी गाणं बनवताना बेस भरदार झालाय की नाही, ते मला खालच्या मजल्यावरच्या ओकबुन आजींच्या झाडूवरून कळायचं. झाला की त्या दांड्याने छत ठोकायच्या. कालच लिफ्टमध्ये ओरडल्या, "मेल्या, माझ्या किमचीच्या बरण्या नाचतात तुझ्यापायी!" आज दुपारी मी बेसच्या सुराखाली खर्जातला सूर जोडला. ठोका आला नाही. "अजून पोकळच आहे, दादा," बहीण ह्येरान हसली. मी आवाज वाढवला. खिडकीची काच थरथरली, तरी खाली शांतता. "बाहेर गेल्या असतील," ह्येरान म्हणाली. "आधाराच्या ढकलगाडीशिवाय?" ती मी तासाभरापूर्वीच त्यांच्या दाराशी पाहिली होती. ह्येरानचं हसू मावळलं. गाणं तसंच वाजत ठेवून जिना उतरलो. गाडी तिथेच होती. बेल दाबली, दाराला कान लावला. आत माझा बेस घुमत होता, मला हवा होता तसा भरदार. बाकी काहीच नाही.