एक पान कमी

पाचव्या दुकानदारानेही मान हलवली, तेव्हा चाळिशी उलटलेल्या धाकटीने फुटपाथवरूनच ताईला फोन लावला. "पस्तीस वर्षं शोधतेय गं. एक मुलगी मागच्या काळात जाते, वारलेल्या आईला परत आणायला, असं सांगितलं की मेले भुताखेतांची पुस्तकं काढून दाखवतात. इतकी सुरेख कादंबरी, आणि कुत्रंसुद्धा विचारत नाही तिला."

"सोड की आता. शंभरदा वाचलीस ती."

"शेवटचं पान सोडून वाचली. ते कुणी फाडलं हे कळू दे, हातच तोडते त्याचे."

"तोड बाई. मीच फाडलं."

"तू?"

"दहा वर्षांची होतीस तू. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि तू ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचीस. तुझ्याआधी मी शेवट वाचला."

भांडायला तोंड उघडलेली धाकटी भलतंच विचारून बसली. "पण येते ना गं तिची आई परत?"

"येते की," ताई म्हणाली. "तू आधी काहीतरी खाऊन घे बघू."